वहिवाट किती जुनी?

निघताना पाण्याची बाटली बरोबर घेऊ नका. जिथे जायचं आहे तिथे ती चमत्कारिक दिसेल हे एक, आणि घशाला कोरड असेल तरच पुढचं नीट कळेल हे दुसरं. आडनावही शक्यतो सांगू नका. तुम्ही नुसता रस्ता विचारलात तरी समोरचा आधी तेच विचारेल, आणि तुमच्या उत्तरावर तुम्हाला कुठलं पाणी मिळणार ते ठरेल.

रविवार, २० मार्च १९२७. महाड, कुलाबा जिल्हा. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेचा हा दुसरा दिवस. मांडवात अडीच-तीन हजार माणसं दाटीवाटीनं बसली आहेत. तुमच्या शेजारचे म्हातारबाबा पलटणीतून पेन्शनीत निघालेले दिसतात. पाठ ताठ, हातातली काठी उभी. कोकणातल्या महारांच्या कितीतरी घरांत असा एकेक पेन्शनर आहे. प्यायला ठेवलेल्या पाण्याकडे तुम्ही बघताय, म्हणून सांगतो, ते विकतचं आहे. परिषदेसाठी पाणी हवं म्हणून चाळीस रुपये मोजावे लागले आहेत. आणि चवदार तळं इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

तळं बंद आहे का? कागदावर तरी नाही. मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी ठराव मंजूर करून घेतला, की सरकारी पैशानं बांधलेले किंवा राखलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, कोर्टकचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांनाही वापरू द्यावेत. जानेवारी १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनंही आपलं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस स्वतः परिषदेच्या बाजूचे आहेत. ठराव होऊन तीन वर्षं झाली आणि या तीन वर्षांत एकाही अस्पृश्यानं तळ्यात घागर बुडवलेली नाही. मनाई करणारा कायदा कुठेच नव्हता, पण बुडवली तर काय होईल ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

आता सगळे उठताहेत. परिषदेचे कार्यकर्ते अनंतराव चित्रे बोलले, आंबेडकर उठले, चौघाचौघांच्या रांगा लागल्या. तुम्हीही सामील व्हा. बाजारपेठेतून जाताना दुकानदार पायरीवर येऊन उभे राहतात. तळं तुमच्या अंदाजापेक्षा मोठं आहे, चार-पाच एकरांचं. चारी बाजूंनी रस्ता, रस्त्यापलीकडे सवर्णांची घरं, थोडी मुसलमानांची, काही देवळं. पस्तीस वर्षांचा सुटाबुटातला बॅरिस्टर पायऱ्या उतरतो, वाकतो, ओंजळ भरतो.

हे चित्र तुम्ही शाळेच्या पुस्तकात, भिंतीवर, पुतळ्यात पाहिलेलं आहे. म्हणून इथे फार वेळ थांबू नका. या ओंजळीनंतर दहा वर्षं एक दिवाणी खटला चालला, त्याची गोष्ट मात्र जयंतीच्या भाषणांत सहसा येत नाही. तुम्हाला आणलं आहे ते त्या खटल्यासाठी.

तासा-दोन तासांत गावात आवई उठते की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. लाठ्याकाठ्या घेऊन जमाव मांडवावर येतो. जेवणाच्या पंगती चाललेल्या असतात, अन्न मातीत मिसळतं. परतीच्या वाटेवर गाठून माणसांना मारलं जातं. काही जण मुसलमानांच्या घरांत आसरा घेतात. त्या पेन्शनर बाबांच्या काठीकडे आता बघा. मुठी आवळलेल्या आहेत, आणि डाकबंगल्यातून आंबेडकरांचा निरोप येतो, हात उचलायचा नाही. नाही उचलला. पुढे जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याआधीच गावानं तळं शुद्ध करून घेतलं होतं. १०८ घागरी पाणी उपसून बाहेर टाकलं आणि मंत्रांच्या घोषात शेण, गोमूत्र, दूध, दही तळ्यात ओतलं. आता पाणी चालतं, असं ठरलं.

आणि ४ ऑगस्ट १९२७ ला, बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या तारखेला, नगरपालिकेनं तळं खुलं करणारा आपला ठराव मागे घेतला. ठरावानं दिलेलं ठरावानंच काढून घेतलं. हे एवढं सोपं असतं.

आता तिथून चार महिने पुढे.

बुधवार, १४ डिसेंबर १९२७. तुम्ही महाडच्या दिवाणी कोर्टात, मागच्या बाकावर. आंबेडकरांनी जाहीर केलं आहे की २५ डिसेंबरला पुन्हा परिषद भरेल आणि या खेपेला सत्याग्रह करून पाणी घेतलं जाईल. गावाला मार्चमधल्या लाठ्यांपेक्षा चांगली युक्ती सुचली आहे. दोन दिवसांपूर्वी, १२ तारखेला, महाडच्या स्पृश्य हिंदूंच्या वतीनं काही जणांनी दावा दाखल केला. प्रतिवादी आंबेडकर आणि त्यांचे काही स्थानिक सहकारी, पण तेवढेच नव्हेत. दावा प्रातिनिधिक आहे. चार-पाच नावांमागे सगळा अस्पृश्य समाज प्रतिवादी केलेला आहे. मागणी अशी की तळं आमच्या मालकीचं, निदान आमच्या एकट्याच्या वापराचं आहे असं जाहीर करावं, आणि यांना तिथे येण्याची, पाणी घेण्याची कायमची मनाई करावी. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तात्पुरता मनाईहुकूम द्यावा.

प्रतिवादी इथे हजर नाहीत. त्यांचं म्हणणं अजून कुणी ऐकलेलं नाही. सबजज्ज कागद बघतात आणि तात्पुरता मनाईहुकूम देतात. पुढील हुकूम होईपर्यंत प्रतिवाद्यांनी तळ्याकडे जाऊ नये, पाणी घेऊ नये.

कारकून नक्कल लिहू लागतो तेव्हा त्याच्या मागे जाऊन उभे राहा. टाक, दौत, कोर्टाचा शिक्का. कागदावर एकही शिवी नाही, बाटण्याचा किंवा धर्माचा कुठे उल्लेख नाही. जैसे थे ठेवा, एवढंच. पण जैसे थे म्हणजे काय? आज जो पाण्यावर आहे तो पाण्यावर राहील, जो बाहेर आहे तो बाहेर. निकालापर्यंत काही बदलू नये म्हणून दिलेल्या हुकुमात एक निकाल आधीच दडलेला असतो. दिवाणी वकिलांना यात नवल वाटणार नाही. ताबा कुणाचा, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. जमिनीच्या तुकड्यासाठी तो प्रश्न ठीक आहे. माणसाला तहान लागली असताना तो विचारला की काय होतं, ते या कोर्टात बसून दिसतं.

मार्चमध्ये लाठी चालवणाऱ्याचं नाव फिर्यादीत घालता आलं, त्याला चार महिने आत पाठवता आलं. या कागदावर फिर्याद कुणावर करणार?

२५ डिसेंबरला तुम्ही सावित्रीच्या खाडीत, दासगावच्या बंदरावर थांबा. मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीनं निघालेले लोक इथे उतरताहेत. बसवाल्यांवर, दुकानदारांवर विसंबण्यात अर्थ नव्हता म्हणून शिधा बाहेरूनच आणलेला आहे. परिषदेला जागा एकाही हिंदूनं दिली नाही, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी दिली. किनाऱ्यावर हजारो माणसं वाट बघताहेत आणि त्यांच्यातून वाट काढत पोलीस अधिकारी कलेक्टरांचा निरोप घेऊन येतो, भेटायला या. आंबेडकर कलेक्टरांकडे जातात, बाकीचे पाच मैल चालत महाडला.

मांडवात तसबीर एकच आहे, गांधींची. रात्री एका खड्ड्यात चंदनाची लाकडं रचून मनुस्मृती जाळली जाते, आणि ती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जातीनं ब्राह्मण आहेत. ब्राह्मणांना वगळलंत तर पाठिंबा देतो, असं सांगणारे ब्राह्मणेतर पुढारी होते. आंबेडकरांनी ती अट मानली नव्हती. त्या रात्रीच्या जाळाबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी तुम्हाला तिथून लवकर बाहेर काढतो. माझ्या मते महाडची खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी झाली.

२६ डिसेंबर. कलेक्टर मांडवात येऊन मराठीत बोलतात. सरकार तुमच्या विरुद्ध नाही, पण कोर्टाचा हुकूम मोडू नका. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे बघा. सत्याग्रहींची नावं लिहून घेण्याचं काम चालू आहे, आकडा चार हजारांच्या जवळ गेला आहे. एक एक जण पुढे येतो, नाव सांगतो, तुरुंगात जायला तयार आहे म्हणून सांगतो. तुम्ही असता तर काय केलं असतं? मार्चमध्ये ठराव आपल्या बाजूनं होता, कायदा मोडणारे ते होते. आज पाणी प्यालो तर कायदा मोडणारे आपण. समोर गावकरी राहणार नाहीत, सरकार येईल. कोर्टाची बेअदबी केलेल्या पक्षकाराचा दावा मग कुठला न्यायाधीश मोकळ्या मनानं ऐकेल?

पण घरून भाकरी बांधून, चार-चार दिवस चालून आलेल्या माणसाला हे कसं सांगायचं?

आंबेडकरांनी सांगितलं. चर्चा लांबली, पुष्कळांना पटलं नाही. शेवटी २७ तारखेला सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव झाला आणि तळ्याभोवतून मिरवणूक काढायची ठरली. त्या मिरवणुकीत तुम्ही चाला. डावीकडे पाणी आहे, मधे काही अडसर नाही, पोलीसही फारसे आडवे येत नाहीत. हजारो माणसं पाण्याला वळसा घालून जातात आणि एकही जण खाली उतरत नाही. नऊ महिन्यांपूर्वी पाणी पिऊन ज्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, त्यांना या वेळी एका कागदानं थांबवलं. असं थांबणं शरणागती होती असं मानणारे तेव्हाही होते आणि आजही भेटतात. मला तसं वाटत नाही. दावा जिंकायचाच असं ठरवलेल्या माणसाचा तो हिशेब होता. पण त्या हिशेबाची किंमत कोणी मोजली, ते या चालणाऱ्या पायांकडे बघून विसरू नका. घरी परतून त्यांना त्याच गावच्या पाटलासमोर उभं राहायचं होतं.

पुढच्या सहा वर्षांत तुम्ही कोर्टात बसलात तर कंटाळाल, म्हणून मी तुम्हाला खिडकीशी बसवतो. आत तारखा, बाहेर देश.

२३ फेब्रुवारी १९२८ : दुसरी बाजू ऐकल्यावर तात्पुरता मनाईहुकूम उठतो. दावा मात्र चालूच. बाहेर सायमन कमिशन आलेलं. मार्च १९३० : आत मुद्दे, कागद, साक्षी; बाहेर नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू, आणि तिकडे गांधी दांडीला निघालेले. दाव्यातले एक नंबरचे प्रतिवादी आंबेडकर त्याच वर्षी लंडनला गोलमेज परिषदेला जातात. एका बाजूला साम्राज्याच्या पंतप्रधानांसमोर भाषण, दुसऱ्या बाजूला महाडच्या कोर्टात वादीच्या साक्षीदारांची उलटतपासणी.

त्या साक्षी ऐकण्यासारख्या आहेत. वादी म्हणतात, तळं मूळचं खाजगी. कागद मागितला तर कागद नाही. तळं कुणी खोदलं, केव्हा खोदलं, कुणालाच माहीत नाही. भोवतालचे रस्ते नगरपालिकेचे, डागडुजी नगरपालिकेची. मुसलमान पाणी नेतात? नेतात. मग एकट्या हिंदूंची मालकी कशी? यावर वादींचं म्हणणं असं की मालकीचं सोडा, वहिवाट बघा. अस्पृश्यांनी या तळ्याला कधी हात लावलेला नाही, कधीच नाही, कुणाच्या आठवणीत नाही. हीच आमची वहिवाट.

८ जून १९३१ ला महाड कोर्टाचा निकाल लागला. तळं नगरपालिकेचं. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची चाल फार दिवसांची आहे हे खरं, पण त्यातून वादींना कायदेशीर हक्क मिळत नाही. दावा फेटाळला. वादी ठाण्याला अपिलात गेले. मधल्या काळात येरवड्याचा करार होऊन गेला. ३० जानेवारी १९३३ ला ठाण्याच्या असिस्टंट जज्जांनीही अपील फेटाळलं, आणि त्यांनी तर वहिवाट अनादि काळापासूनची असल्याचंही सिद्ध होत नाही म्हणून टाकलं. वादी मुंबईला, हायकोर्टात. दोन ठिकाणी हरलेला दावा तिसऱ्या ठिकाणी नेण्याइतका पैसा आणि चिकाटी एका तळ्यासाठी! पाण्याचा तुटवडा गावात नव्हताच, भांडण वेगळंच होतं.

आता सावकाश. बुधवार, १७ मार्च १९३७. मुंबई हायकोर्टाच्या काळ्या दगडी इमारतीत शिरताना वर बघून घ्या, कोरीवकामात एका डोळ्यावर पट्टी बांधलेला माकड न्यायाधीश आहे म्हणतात तो शोधायला वेळ नाही. वर न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांचं खंडपीठ बसलं आहे. ब्रूमफिल्ड हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पंधरा वर्षांपूर्वी, १८ मार्च १९२२ ला, अहमदाबादेत याच न्यायाधीशांनी राजद्रोहाबद्दल गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावली होती, आणि ती सुनावताना आरोपीबद्दलचा आदर लपवला नव्हता. आज त्यांच्यापुढे गांधींच्या सगळ्यात कडक टीकाकाराचा खटला आहे. प्रतिवादी आंबेडकर आता दीड वर्षापूर्वी येवल्याला हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलेले आंबेडकर आहेत. गेल्याच महिन्यात त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं मुंबई इलाख्याच्या निवडणुकीत घवघवीत यश मिळवलं आहे. ज्या धर्माच्या पाण्यावरून हा दावा लागला, तो धर्म सोडायला प्रतिवादी निघालेला आहे आणि दावा अजून चालूच आहे.

निकाल लांबलचक नाही. कान देऊन ऐका, कारण तो जे बोलतो त्याइतकंच जे बोलत नाही तेही महत्त्वाचं आहे.

रूढी कायद्यासारखी बंधनकारक ठरायची तर ती अनादि काळापासून अखंड चालत आलेली असावी लागते. वादींचा पुरावा तितका मागे जात नाही. अलीकडच्या काळात अस्पृश्य इथे पाणी घेत नव्हते, एवढंच त्यातून दिसतं. चारी बाजूंनी सार्वजनिक रस्ता असलेल्या एवढ्या मोठ्या उघड्या तळ्याबद्दल, जुन्या काळीही हीच बंदी होती असं नुसतं अनुमान काढता येणार नाही. वहिवाट शाबीत होत नाही. अपील खर्चासह नामंजूर.

तुमच्या शेजारी बसलेले कुणीतरी सुस्कारा टाकतात. जिंकलो. हो, जिंकलो. तळं खुलं. पण क्षणभर थांबा. जाता जाता न्यायमूर्तींनी एक वाक्य टाकलं आहे, त्याचा आशय असा की वादींनी वहिवाट शाबीत केली असती तर ती वाजवी आहे का, सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे का, हे कदाचित आम्हाला पाहावं लागलं असतं. शाबीत झाली नाही, म्हणून पाहिलं नाही.

म्हणजे दहा वर्षं, तीन कोर्टं, आणि माणसाला माणूस म्हणून पाणी पिण्याचा हक्क आहे का, या प्रश्नाला कुणी हातच लावला नाही. विचारलं गेलं ते एवढंच की यांना हाकलण्याची चाल किती जुनी आहे. उत्तर आलं, पुरेशी जुनी नाही. समजा नगरपालिकेच्या एखाद्या कपाटात दोनशे वर्षांपूर्वीचं दप्तर सापडलं असतं आणि त्यात अस्पृश्यांना या तळ्यावर बंदी असल्याची नोंद असती तर? अन्याय जितका जुना तितका तो कायद्यात पक्का. ब्रूमफिल्ड किंवा वाडिया यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे जो कायदा होता त्यात हाच प्रश्न विचारता येत होता, आणि मिळालेल्या चौकटीत त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. पण महाडला कोर्टानं समतेचा हक्क दिला असं भाषणात कुणी म्हणालं, तर तुम्ही हा निकाल ऐकलेला आहे हे लक्षात ठेवा.

तो न पाहिलेला प्रश्न दिल्लीला निघाला.

सोमवार, २९ नोव्हेंबर १९४८. संविधान सभेच्या प्रेक्षक सज्जात जागा धरा. दाव्यातला एक नंबरचा प्रतिवादी आता मसुदा समितीचा अध्यक्ष म्हणून खाली बसला आहे. भेदभावाला मनाई करणारा अनुच्छेद चर्चेला आहे. दुकानं, उपाहारगृहं, आणि पुढे विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते. बाकीच्या राज्यघटनांत स्वातंत्र्य, समता असे मोठमोठे शब्द असतात. आपल्या मूलभूत हक्कांत तलाव आहे. मद्रासकडचे सदस्य एस. नागप्पा विचारतात, दुकान म्हणजे नेमकं काय, त्यात धोबी, न्हावी येतात का? आंबेडकर सांगतात, येतात. जिथे कुणी मोबदला घेऊन आपली सेवा देऊ करतो ते दुकान. ज्याला गावच्या न्हाव्यानं वस्तरा लावायला नकार दिलेला आहे त्यालाच हा प्रश्न सुचतो, आणि ज्याच्यावर पाण्यावरून दावा लागला त्याला तो लगेच कळतो.

त्या अनुच्छेदाची मांडणी बघा. ही मनाई फक्त सरकारला नाही. कोणत्याही नागरिकाला या जागांपासून जातीच्या कारणावरून रोखता येणार नाही, मग रोखणारा सरकारी अधिकारी असो की शेजारचा घरमालक. महाडचे वादी सरकार नव्हतेच, ते गावकरी होते. आणि अनुच्छेद १३ चाळून बघा. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा रद्दबातल, हे सगळ्यांना माहीत असतं. पण तिथे कायदा या शब्दात काय काय धरलं आहे? अध्यादेश, नियम, अधिसूचना, आणि रूढी किंवा परिपाठ. रूढी दहा वर्षांची की हजार वर्षांची, हे आता कुठल्याही न्यायाधीशानं मोजायचं नाही. ब्रूमफिल्ड आणि वाडिया यांनी जो प्रश्न उघडला नाही, त्याचं उत्तर इथे आहे.

त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट झाल्याचं सांगणारा अनुच्छेद मंजूर होतो आणि सभागृहात महात्मा गांधी की जय असा गजर होतो. आंबेडकरांचा चेहरा तुम्हाला सज्जातून दिसत असेल तर मला सांगा.

आणखी एक थांबा, आणि तो जवळचा. मधे बरंच काही घडतं. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम, जो पुढे नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाला, मग १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्यात दलितांच्या पाणवठ्याचं पाणी घाण करणं हा वेगळा गुन्हा आहे. १०८ घागरी आठवतात? तिथे उलटं घडलं होतं. यांनी प्यायलं म्हणून त्यांनी शेण कालवलं, तेही पवित्र करायला.

मंगळवार, २० मार्च २०१८. पुन्हा महाड. एसटीच्या गाड्या, निळे झेंडे, पुस्तकांचे स्टॉल, लहान मुलांना खांद्यावर घेतलेले बाप. तळ्याच्या पायऱ्यांवर रीघ. इकडे ही गर्दी आणि त्याच दिवशी दिल्लीत सुप्रीम कोर्टाचं द्विसदस्य खंडपीठ एक निकाल देतं. प्रकरण महाराष्ट्रातलंच, एका सरकारी कॉलेजातल्या दलित कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालावरून सुरू झालेलं. निकाल असा की अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा गैरवापर होतो, म्हणून गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करता येईल. सरकारी नोकराला अटक करायची तर त्याच्या नेमणूक अधिकाऱ्याची परवानगी हवी, इतरांच्या बाबतीत पोलीस अधीक्षकांची. आणि अटकपूर्व जामिनावरची बंदी सरसकट नाही. हीच तारीख का, असं गर्दीतलं कुणीतरी विचारतं. योगायोग. कोर्टाच्या कॅलेंडरात महाड नसतं.

निरपराध माणसाला खोट्या फिर्यादीत आत टाकू नये, हा आग्रहही नागरी स्वातंत्र्याचाच आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फक्त, गुन्हा नोंदवून घ्यायला फौजदार तयार होईपर्यंत दलित फिर्यादीला ठाण्याच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागतात, याचा अनुभव त्या निकालाच्या तागडीत पडलेला दिसत नाही. चौकशी होईपर्यंत थांबा म्हणजे पुन्हा जैसे थे.

२ एप्रिलला भारत बंद. काही राज्यांत गोळीबार, हिंसा, माणसं मेली. ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा दुरुस्त करून प्राथमिक चौकशी आणि परवानगी या दोन्ही अटी काढल्या. १ ऑक्टोबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाच्या तीन न्यायमूर्तींनी आधीचे निर्देश मागे घेतले. १० फेब्रुवारी २०२० ला दुरुस्तीही वैध ठरवली. ज्या गोष्टीला महाडात दहा वर्षं लागली तसली ये-जा इथे दोन वर्षांत उरकली. रस्ता, संसद आणि कोर्ट यांनी एकमेकांना इतक्या झटपट उत्तरं दिलेली क्वचित दिसतात.

मात्र २०२० च्या निकालात एक फट ठेवलेली आहे. फिर्यादीवरून प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तर अटकपूर्व जामिनाची बंदी लागू होणार नाही. प्रथमदर्शनी दिसतं की नाही, हे ठरवायचं कुणी? जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या विशेष न्यायाधीशांनी, एकेका अर्जावर, समोर ठेवलेल्या एकेका फिर्यादीचे कागद वाचून. परत आलात की तुमच्या जिल्हा न्यायालयात एखाद्या सकाळी जा. बोर्डावर असा एखादा अर्ज लागलेला असेल. सुनावणी बहुधा उघड्या कोर्टात चालते, मागच्या बाकावर बसायला कुणी हरकत घेत नाही.